होकार

"पाच मिनिटांचं काम आहे, बाई. त्याने कबूल केलंय. तुम्ही फक्त त्याच्या भाषेत एकदा विचारा आणि सही घ्या," म्हणत साहेबांनी जबाबाचा कागद पुढे सरकवला.

बाईंनी कागदाला हात लावला नाही. बहिऱ्या मुलांच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून त्या गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. समोर बसला होता तो त्यांचाच विद्यार्थी. आता तिशीचा, फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करणारा. नखांत तपकिरी रंग. कारखान्यातलं एक यंत्र चोरीला गेलं होतं आणि सकाळपासून पोलीस त्यालाच विचारत होते. बाईंना पाहून त्याचा चेहरा उजळला.

कबूल कसं केलं, त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, मोठ्याने विचारलं, सावकाश विचारलं, लिहूनही दाखवलं. दर वेळी त्याने मान हलवली.

ती मान बाईंच्या चांगल्या ओळखीची होती. समोरचा चिडायला लागला की मान हलवायची, म्हणजे माणसं निवळतात, हे त्यांनीच शिकवलं होतं. बसमध्ये, दुकानात पोरांनी कुणाचा मार खाऊ नये म्हणून. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, चढवला, पुन्हा काढला.

"त्याला विचारा, त्याने मला ठार मारलं का."

साहेब हसले. बाई हसेनात, तेव्हा त्यांनी बाईंकडे बोट दाखवून, तोंड मोठं करून विचारलं. त्याने साहेबांचा चेहरा नीट न्याहाळला आणि अदबीने मान हलवली.

साहेबांनी बोट खाली घेतलं.

मग बाईंचे हात बोलू लागले. उत्तर द्यायची सक्ती नाही. गप्प राहिलास म्हणून चोर ठरत नाहीस. वकील मागू शकतोस. वकिलाची खूण शाळेत कधी शिकवलीच नव्हती. 'तुझ्या बाजूने उभा राहणारा माणूस' अशी फोड करावी लागली. त्या माणसाला हातांची भाषा येते का, त्याने विचारलं. नाही, बाईंनी खरं ते सांगितलं. मी मध्ये बसेन.

मग त्याने खुणेने सांगितलं, आधी तो माणूस येऊ दे.

बाईंनी ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी नाराजीने कागद फाइलमध्ये घातला. बाईंनी तो परत काढायला लावला. दुभाष्याशिवाय घेतलेला जबाब, असं त्यावर लिहून होईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या. सुटका मात्र लगेच होणार नव्हती.

हवालदाराने त्याची दोन्ही मनगटं धरून त्याला उठवलं. दाराशी तो अडला, मागे वळला. खांदे हलत होते, बोटं वळवळत होती.

"हात सोडा त्याचे," बाई म्हणाल्या. "तो बोलतोय."

हवालदाराने साहेबांकडे पाहिलं आणि एक हात सोडला.

एका हाताने जमेल तेवढंच तो बोलला. आईला सांगा, मी कामावर आहे.