वाळूच्या देशातलं बर्फाचं फावडं

मित्रांनो, मी एक जुनं फावडं आहे. तेही बर्फाचं, आणि राहतो कुठे, तर कतारमध्ये! हसा, खुशाल हसा. दोह्याच्या मॉलमध्ये मला टांगून ठेवलं होतं, तेव्हा येणारे-जाणारेही असेच हसायचे.

माझं पातं ॲल्युमिनियमचं, दांडा दुमडणारा, रंग नारिंगी. माझ्या पिशवीवर एक चित्र होतं. डोंगरावरून बर्फ कोसळून एक माणूस खाली गाडला गेलाय आणि दुसरा फावड्याने त्याला उकरून काढतोय. माझा जन्मच त्या कामासाठी! चित्र पाहून मला अभिमान वाटायचा, आणि थोडी धडकीही भरायची.

मला विकत घेतलं चैत्रालीने. ही मूळची नाशिकची, गॅस कंपनीत इंजिनिअर, दोह्यातल्या अल थुमामा भागात राहणारी आणि डोंगरवेडी. पण सुरुवातीला माझ्या नशिबी वाळूच आली. सुट्टीच्या दिवशी टेकड्यांवर कुणाची गाडी रुतली, की "यल्ला, चला, फावडं काढा!" म्हणत मला डिकीतून ओढायचे. वाळूने माझा रंग जागोजागी खरवडला. मी मनातल्या मनात कुरकुरायचो, पण गाडी निघाल्यावर जो आरडाओरडा व्हायचा, त्यात माझा राग कुठल्या कुठे जायचा.

मग एका हिवाळ्यात चैत्राली आणि तिचा नवरा देवव्रत मला जॉर्जियाच्या डोंगरात घेऊन गेले. मित्रांनो, बर्फात पहिल्यांदा शिरलो तो क्षण काय सांगू! मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

एका पडक्या मनोऱ्यामागचा उतार चढायचा त्यांचा बेत होता. चढण्याआधी चैत्रालीने माझ्याकडून खड्डा खणून घेतला. खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचे थर दिसतात. तिने बर्फाचा एक खांब कापला, त्यावर मला आडवं ठेवलं आणि माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. आधी हलक्या, मग जरा जोरात. तोच वरचा थर मला घेऊन सटकन घसरला! खालचा थर हातात घेतला तर पार भुसभुशीत.

"अरे, हा तर रवा आहे रवा!" चैत्राली म्हणाली. "याच्यावर पाय दिला तर अख्खा उतार खाली येईल. चल, परत."

तिने खड्ड्याचा फोटो काढला, थर किती जाडीचा ते कळावं म्हणून मला शेजारी उभं करून. मग मला खांद्यावर घेऊन, पाठीमागे तो उतार ठेवून दोघांनी हसरा फोटोही काढला.

दोह्याला परतल्यावर चैत्रालीने मराठी मंडळींच्या ग्रुपवर हसरा फोटो तेवढा टाकला. आमच्याकडे रीतच तशी. सहलीतलं गोड गोड सांगायचं, परत फिरल्याचं कुणी बोलत नाही. "कतारची माणसं बर्फाला घाबरली, म्हणतील," असं देवव्रतही म्हणाला. फोटोवर कौतुकाचा पाऊस पडला. कुणीतरी माझ्याही रंगाची तारीफ केली आणि मी फुशारलो.

दुसऱ्या दिवशी समीनाचा निरोप आला. समीना रत्नागिरीची, चैत्रालीची जिवाभावाची मैत्रीण. "अगं, उस्मान आणि मी निघालो जॉर्जियाला! तुला सरप्राइज द्यायचं होतं. उद्या तुमच्याच उतारावर जाणार, इन्शाल्ला. फोटो बघून राहवेना."

चैत्रालीने लगेच लिहिलं, "जाऊ नकोस!" पण एकच टिक. फोन लावला, तो बंद. विमान उडालं होतं, आणि समीनाचं सिम तिकडे चालणारं नव्हतं.

"आता काय करू रे? माझ्या फोटोने तिला तिथे पाठवलंय!" ती देवव्रतला म्हणाली.

त्या डोंगरातल्या लोकांचं इंटरनेटवर एक पान होतं. कुणीही यावं, पाहिलेल्या बर्फाची नोंद करावी, कुणीही वाचावी. चैत्रालीला ते ठाऊक होतं, पण वाळवंटातल्या माणसाचं कोण वाचणार, म्हणून तिने आजवर तिथे एक ओळही लिहिली नव्हती.

"कुणी वाचो न वाचो, तू लिही," देवव्रत म्हणाला.

तिने खड्ड्याचा फोटो टाकला. उतार कुठला, थर कसा, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'आम्ही परत फिरलो.' तेच तिने ग्रुपवरही टाकलं. मग ती फोनकडे बघत बसली. मी कोपऱ्यात उभा. आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे समीना होती!

"चैत्राली, आमच्या गेस्ट हाउसच्या मावशी रोज सकाळी ते पान वाचून दाखवतात. आज त्यात तुझं फावडं दिसलं! मी उस्मानला म्हटलं, खलास, आपण नाही जायचं. अगं, आत्ता तो उतार कोसळला. आम्ही खिडकीतून पाहिला. तिथे कुणीसुद्धा नव्हतं!"

चैत्राली हसत होती आणि रडतही होती. देवव्रतने मला उचलून घरभर नाचवलं.

तेव्हापासून आमच्या ग्रुपची रीत बदलली. परवाचीच गोष्ट. उस्मानने मला चैत्रालीकडून मागून नेलं होतं. पावसानंतर समुद्राजवळच्या खारट जमिनीवर, वरून टणक दिसली म्हणून, उस्मानने गाडी घातली आणि ती रुतली. तो मला घेऊन चिखल उपसत होता आणि समीना हसत हसत ग्रुपवर सगळ्यांना कळवत होती, "आमची गाडी फसली, इकडून येऊ नका." थोड्या वेळाने लांबून येणारी एक पांढरी गाडी थांबली, वळली आणि दुसऱ्या वाटेने निघून गेली.

मित्रांनो, आता मी पोचे पडलेला, रंग उडालेला आहे. खारट चिखलातून आलो की मला धुऊन-पुसून ठेवा, एवढं माझ्यासाठी करा. आणि तुमचे हसरे फोटो जरूर दाखवा, पण जिथून परत फिरलात ती जागा आधी सांगा. पिशवीवरच्या त्या चित्रातलं काम मला आजवर एकदाही करावं लागलेलं नाही. ते कधीच करावं लागू नये, म्हणून तर सांगतोय.