न ऐकू आलेली काट

मी एक जुनी काट आहे, मित्रांनो. खोडलेल्या शब्दावरून जाते ना, तीच आडवी रेघ. माझे पूर्वज कागदावर राहायचे. मी मोबाइलच्या पडद्यावर जन्मले. दुकानांच्या वेबपानांवर जुन्या किमतीवर मी बसले, की गिऱ्हाईक हरखून जाई. त्या दिवसांतला माझा तोरा काही विचारू नका!

पुढे बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या पंकजने खेड्यांतल्या लोकांसाठी एक वेबपान काढलं. साप चावल्यावरची सुई कुठे मिळेल, ते त्यावर असे. नाक्यावरच्या दवाखान्यातली सुई संपली, तसं त्याने त्या नावावर मला ओढलं आणि खाली टेकडीपलीकडच्या दवाखान्याचं नाव टाकलं. पोरगा भला, पण घाईचा. मला नुसतं दिसण्यापुरतं रंगवून तो मोकळा झाला.

डोईफोडियाच्या वैजयंतीताईंना दिसत नाही. त्यांचा फोन पडद्यावरचे शब्द मोठ्याने वाचतो. एका दुपारी केळीच्या बागेत त्यांचे यजमान दगाभाऊ यांना नाग चावला. शेजारच्या धर्मेंद्रने त्यांना मोटरसायकलवर बसवलं आणि ओरडून विचारलं, "काकू, कुठी नेऊ?"

ताईंनी पान उघडलं. फोन बोलला, "नाक्यावरचा दवाखाना. टेकडीपलीकडचा दवाखाना." पहिल्या नावावर मी आडवी पडलेली होते, पण फोनला माझा पत्ताच नव्हता. मला घसा नाही हो! नुसता जीव तुटत होता.

"दोन्हीकडे हाये सुई. नाक्यावर ने, जवळ पडते," ताई म्हणाल्या.

नाक्यावर सुई नव्हती. तिथून टेकडी चढतानाच दगाभाऊ गेले.

तेरावं झाल्यावर धर्मेंद्र ताईंना पंकजच्या घरी घेऊन आला. सगळं ऐकून पंकजचं तोंड उतरलं.

"काकू, मी तं काट मारली होती. एकदम साफ दिसत होती."

"दिसत होती ना? मंग मले काऊन नाही ऐकू आली?"

पंकजने तिथेच संगणक उघडला आणि हे नाव खोडलेलं आहे, अशी खूण पानाच्या कोडमध्ये घातली. ताईंनी फोनवर ते पान पुन्हा उघडलं. तरी तो माझ्यावरून मुकाट पुढे गेला; कित्येक फोन ती खूण वाचतच नाहीत. शेवटी पंकजने नावाच्या आधी सरळ शब्दच लिहिले. आता फोन म्हणाला, "रद्द. इथे सुई नाही. नाक्यावरचा दवाखाना."

ताईंनी ते पुन्हा एकदा ऐकलं. मग पदरात तोंड घालून त्या रडल्या.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशी पानं कराल. मला खुशाल ओढा. कोडमध्ये माझी खूण जरूर घाला, पण तेवढ्यावर विसंबू नका. जे रद्द झालं ते शब्दांत सांगा. आणि पान लोकांच्या हाती देण्याआधी ते एकदा डोळे मिटून ऐका.

पंकज आता प्रत्येक पान तसंच ऐकतो. 'रद्द' हा शब्द आला, की त्याला पुढचं ऐकवत नाही.