कडू हातांचा गुलाब

माघ सरत आला होता. निपाणीच्या माळावर ऊन पिकलं होतं. पिकून पिवळं, पिवळं होऊन कडू. वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेत तंबाखूची धूळ होती, सुवर्णरेणूंसारखी झळाळणारी आणि श्वासाला शिशासारखी जड. कौलांवर ती बसे, कण्हेरीच्या पानांवर बसे, देवळाच्या घंटेवर बसे. घंटा वाजली की नादाच्या आधी धूळच खाली यायची.

त्या पीतधूसर गावात, दगडी वखारीच्या पोटात, साठ बायका तंबाखू चाळत. तोंडाला फडकं, केसांना फडकं, मध्ये नुसते डोळे. लाल, पाणावलेले, धुळीनं कडा रंगलेले. सर्र-सर्र, सर्र-सर्र, चाळणीचा तो झुलता, झिजता, न थांबणारा ताल. जणू कुणी धरित्रीलाच चाळून तिच्यातली दया वेगळी काढू पाहत होतं. काड्या निघत, चुरा निघे. दया निघत नव्हती.

मग त्या तालावर म्हातारी बायाक्का गळा सोडायची :

तंबाखूच्या चाळणीला किती चाळू मी धुरळा,
लेक माझी नदीकाठी, कडू आईचा उमाळा.

ओवी बायाक्काची होती. नदीकाठची लेक शालनची होती.

शालन तिशीच्या उंबऱ्यावरची. आवडी पोटात होती तेव्हाच नवरा विहिरीच्या कामावर दगडाखाली गेला, आणि कपाळ पुसून शालन चाळणीपाशी बसली. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात पुन्हा तिथंच. दुपारच्या सुट्टीत ती धावत घरी येई. राखेनं हात घाशी, ऊर धुई, पदर बदली. पान्हा तर असा दाटून यायचा की चोळी भिजावी. पण बाळ तोंड लावी आणि तोंड फिरवी. दूध होतं अमृताचं. त्या अमृताच्या काठाकाठानं तंबाखू होती.

राखेला ती कडू तंबाखू गेली नाही. शिकेकाईला गेली नाही. नदीला गेली नाही.

शेवटी वेदगंगेच्या काठी राहणारी नणंद पारूबाई आली. तिच्याही अंगावर तान्हं होतं. "एका अंगाला माझं, एका अंगाला तुझं," म्हणाली, आणि पोर पदराखाली घेऊन गेली. त्या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. पारूबाईचं दूध सरलं, माया सरली नाही. आवडी तिच्याच घरात वाढली, रांगली, बोबडं बोलली, आणि शालन दर रविवारी उंबऱ्याशी दिसली की नाक दाबून ओरडायला शिकली : "कडूबाई आली! कडूबाई आली!"

घरातली पोरं हसायची. शालनही हसायची. उंबऱ्यावर ठेवलेल्या खाऊच्या पुड्यालाही आवडी हात लावत नसे. त्या पुड्यालासुद्धा वास असायचा.

मागच्या रविवारी पारूबाई म्हणाली होती, "वैनी, पाडव्याला पोरीचं नाव शाळंत घालायचं. कुठल्या गावच्या शाळंत, ते आता ठरवाय पायजे. ती आपल्या पायानं तुज्या मांडीवर आली, तर त्याच दिवशी घेऊन जा. मी अडवायची न्हाई. पण रडत-वरडत न्हेऊ द्यायची न्हाई. पाच वर्सं मीबी उरावर निजवलीय तिला."

अन्याय त्यात नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

*

बुधवारी, वखार सुटायच्या वेळी, फाटकाशी जैनबी अत्तारीण पेटी मांडून बसायची. कुंकू, काळी पोत, बारीक दातांच्या फण्या, सुया; आणि तळाच्या खणात, कापसात निजवलेल्या अत्तराच्या कुप्या. बायका भोवती जमत. पिवळ्या हातांनी लाल कुंकू निवडत.

"शालन, तू काय घ्येणार गं?" बायाक्कानं छेडलं. "कुंकू न्हाई, काकणं न्हाई. दोन सुया घे आन् आपलं नशीब शिव."

"नशिबाला दोरा कुठला, आक्का?" शालन म्हणाली. मग खाली बसली, आणि अगदी हलक्या आवाजात : "मावशी, कडू वास जाईल असं काय हाय का तुज्याकडं?"

जैनबीनं तिच्याकडं पाहिलं. या फाटकाशी तिचे केस पांढरे झाले होते. कुठल्या बाईचं काय हरवलंय हे तिला हातांवरून कळे. तिनं तळाचा खण ओढला. करंगळीएवढी कुपी काढली, तिच्या बुचाची ओली कडा शालनच्या मनगटावर टेकवली, आणि म्हणाली, "घाई करू नको. जरा थांब. येतंय."

सहा वर्षं तंबाखूत बसलेलं नाक. जळत्या दुधाचा वास त्याला कळत नव्हता, पहिल्या फोडणीचा नाही, सरणाचाही नाही. त्या मेलेल्या नाकाच्या दाराशी काहीतरी येऊन उभं राहिलं. दाराची कडी हलली. दार किलकिलं झालं.

गुलाब आला.

बागेतला, दिमाखाचा, दवबिंदूंचे अलंकार ल्यालेला गुलाब नव्हे. सावळा गुलाब. संध्याकाळचा, थोडा सुकलेला, कुणाच्या तरी केसांतून उतरवून उशाशी ठेवलेला. आणि त्याच्या मागून, त्याला पाठीशी घालून, लाकूड आलं. उन्हात वाळलेलं, करवतीखालून नुकतं निघालेलं, कोरडं, उबदार, जुनं लाकूड. दाराच्या चौकटीचं. जात्याच्या खुंट्याचं. पाळण्याच्या दांडीचं.

पाळण्याच्या दांडीपाशी शालनचे डोळे भरले.

"नुसता गुलाब उडतो, पोरी," जैनबी म्हणाली. "श्रीमंताघरचा असो नाहीतर पिराच्या चादरीवरचा. दुपारपर्यंत राहत नाही. म्हणून त्याच्याखाली लाकूड घालतात. लाकूड त्याला धरून ठेवतं. नवरा असावा तसं."

"माजा न्हाई धरून ठेवला लाकडानं," बायाक्का मध्येच म्हणाली, "लाकडावर ठेवून आले," आणि बायका खळाळून हसल्या. रडण्यासारख्या गोष्टीवर हसायची त्या वखारीची रीतच होती.

"म्हाग असंल," शालन म्हणाली.

"दोन कप चहा पिऊ नको. झालं. हा गरिबाघरचाच गुलाब आहे. राणीला जो हजारांत मिळतो त्याचा धाकटा भाऊ. पण डोळे मिटून सांग, थोरला कोण न धाकटा कोण."

शालननं मनगट पुन्हा नाकाशी नेलं. केसांत फूल माळायची तिला सोय नव्हती. गल्लीतल्या शंभर डोळ्यांनी ते खुडलं असतं. पण हे फूल कुणाला दिसत नव्हतं. हे फूल कातडीच्या आतून उमललं होतं. पांढऱ्या कपाळाखाली, विटक्या चोळीखाली, धुळीनं माखलेल्या देहाच्या कुठल्यातरी अस्पर्श कोपऱ्यात ते उभं होतं, आणि लोकांच्या बापाला त्याचा पत्ता नव्हता.

"एका दिवसात कडूपणा हटणार नाही," जैनबीनं बजावलं. "रोज संध्याकाळी लाव. रविवारपर्यंत अंगात मुरू दे. पण वखारीत लावून जाऊ नको हां. तुला ठाऊक आहे."

शालनला ठाऊक होतं. साठही जणींना ठाऊक होतं. तंबाखू वास ओढते. ढिगाशेजारी कुणी मोगरा माळून बसली तर तो मोगरा ढिगात उतरतो. रॉकेल सांडलं तर रॉकेल. म्हणून वखारीत फूल नाही, अत्तर नाही, उदबत्ती नाही. वखारीतल्या देवालाही नुसता नमस्कार.

*

त्या संध्याकाळी शालननं मान धुतली, हात धुतले, आणि थेंब लावला. गुरुवारी लावला. शुक्रवारी लावला. सकाळी उठून ती राखेनं अंग खसखसून घाशी, कोपरापासून बोटांपर्यंत, कानामागून गळ्यापर्यंत. मग मनगट हुंगे. काही येत नसे. गेला, असं तिला वाटे, आणि ती निर्धास्त चाळणीपाशी बसे. आणि काहीच येत नाही म्हणून संध्याकाळी एक थेंब जास्त.

नाकच मेलेलं होतं, हे ती विसरली. बुधवारी फाटकाशी ते एकदा जागं झालं होतं, तेवढ्यावर तिनं विश्वास ठेवला. डावीकडच्या बाईचं नाक मेलेलं, उजवीकडच्या बाईचं मेलेलं. एका आंधळीनं दुसऱ्या आंधळीला विचारावं, दिवा विझला का गं?

आणि लाकूड तर धरून ठेवतंच.

सर्र-सर्र, सर्र-सर्र. तिच्या बोटांच्या रेषांतून, नखांच्या कडांतून, मनगटाच्या घामातून तो सावळा गुलाब निथळत राहिला, आणि तृषार्त, पीतवर्ण तंबाखू तो मुकाट्यानं पीत राहिली.

शनिवारी व्यापाऱ्याचा पारखी आला. स्वच्छ धोतर, कोरडं नाक. ढिगात हात खुपसून मूठभर जर्दा नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचे, एवढंच त्याचं काम. पहिल्या ढिगाशी त्यानं मान हलवली. दुसऱ्याशी हलवली. पाचव्या ढिगाशी डोळे मिटले ते त्यानं उघडलेच नाहीत. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी कोवळं सरकून गेलं. कुणीतरी आठवलं असावं. मग कपाळाला आठी पडली.

"ह्यात बाई आहे," तो म्हणाला.

चाळण्या थांबल्या. मुकादमानं पाचव्या ढिगाच्या बारा जणींना ओळीनं उभं केलं. "हात पुढं." बारा जोड्या हात पुढं आले, पिवळे, चिरलेले, एकसारखे. पारखी एकेका तळव्यावर वाकू लागला, गुरं पारखावीत तसा. पहिली. दुसरी. तिसऱ्या जागी बायाक्का उभी होती. पारखी तिच्या तळव्यावर वाकला, आणि शालन ओळीतून बाहेर आली.

"माज्याच हाताचा हाय," ती म्हणाली.

"नटायची हौस आली व्हय गं, ह्या वयात?" मुकादम ओरडला. "कुणासाठी?"

शालनच्या ओठांशी नाव आलं होतं. त्या धुळीत तिनं ते काढलं नाही.

"आण्णा, येक डाव माफ करा," बायाक्का पुढं झाली. "पोरीचं प्वार..."

"अख्खा ढीग गेला! माफी कुठली?" मुकादमानं शालनची चाळण उचलून भिंतीला लावली. "हिथंच न्हवं. बाकीच्या वखारीतबी सांगावा जाईल. अत्तराच्या बाईला तंबाखूत कोण बसवणार?"

ज्या वखारीनं लेक तोडली, त्याच वखारीच्या भाकरीवर लेक आणायची होती. ती भाकरी भिंतीला टेकून उभी राहिली. शालन उन्हात बाहेर आली. मागं पुन्हा ताल सुरू झाला. सर्र-सर्र, सर्र-सर्र. आज त्यावर ओवी नव्हती.

*

तरीही रविवार आला. दिवसांना नोकरी जात नाही.

शालन धुतलेलं लुगडं नेसली. कुपीच्या तळाशी राहिलेलं सगळं, थेंब, कड, ओल, सगळं गळ्याला, हातांना, पदराला लावलं. मग उसाच्या फडांमधून, शेवरीच्या सावल्यांमधून, वेदगंगेच्या नितळ, निळसर, निर्दय पाण्याकडेनं ती चालत गेली. तिच्याबरोबर एक न दिसणारी बाग चालली होती.

आवडी अंगणात मातीचं घर करत होती. पाऊल वाजलं तसा हात सवयीनं नाकाकडे गेला. अर्ध्यावर थांबला.

ती उभी राहिली. एक पाऊल. मग दुसरं. मातीनं बरबटलेले दोन पाय, आपल्या मनानं, आपल्या चालीनं, उंबऱ्याशी बसलेल्या बाईकडे आले.

"आज तू कडू न्हाईस," आवडी म्हणाली.

"मग कशी हाय?"

पोरीनं मनगट हुंगलं. गळा हुंगला. विचार केला. "देवळातली हाईस."

आणि ती मांडीवर चढली. पाच वर्षं रिकामी राहिलेली मांडी भरली; ओंजळीत पाणी यावं तशी, दिव्यात तेल यावं तशी. पदराचं टोक मुठीत धरून, त्यात नाक खुपसून, आवडी बघता बघता झोपली. तिचा श्वास शालनच्या कोरड्या उरावर येत राहिला, जात राहिला. शालननं पापणी हलू दिली नाही. तो एक प्रहर सुवर्णाचा होता, आणि त्यात धुळीचा एक कण नव्हता.

पारूबाई दारात उभी राहून पाहत होती. डोळे पुसून ती आत गेली, आणि छोटं गाठोडं घेऊन बाहेर आली. पोरीची दोन झगली, एक कुंची, लाकडाची बाहुली.

"मी बोलल्याली फिरवत न्हाई, वैनी. आपल्या पायानं आली. न्हे."

शालननं गाठोड्याकडं पाहिलं. घरी चूल होती, चुलीपाशी पीठ नव्हतं. गावात वखारी होत्या, वखारींची दारं नव्हती.

"हितल्याच शाळंत घाला नाव, वन्सं," ती म्हणाली.

"आन् आता काय झालं? वखार सुटली का काय तुजी?"

"वखार हाय तिथंच हाय."

पारूबाईनं गाठोडं खाली ठेवलं.

शालननं पोरीला अलगद गोधडीवर ठेवलं. पण मूठ सुटेना. इवल्या, गोऱ्या, घट्ट मुठीत पदराचं टोक तसंच. शालननं बोटं उकलली नाहीत. दातांनी पदराला चीर पाडली, आणि वीतभर तुकडा त्या मुठीत राहू दिला.

मग ती निघाली. ऊन कलंडलं होतं, उसाचे तुरे जांभळे झाले होते, वारा पुलावर आडवा आला होता. पुलाच्या मध्यावर तिनं मनगट नाकाशी नेलं. नाक आता जागं होतं. नको तेव्हा जागं होतं. गुलाब नव्हता. गळ्याला नव्हता, हाताला नव्हता, फाटक्या पदराला नव्हता.

राहिलं होतं लाकूड. कोरडं लाकूड, जुनं लाकूड, पाळणा मोडल्यावर उरतं ते लाकूड.

गुलाब नदीच्या त्या काठाला निजला होता. लाकूड या काठानं चाललं होतं.