गोपनीय सूचना

मिरकरवाड्याजवळच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात दर मंगळवारी समुपदेशनाच्या बाई येऊ लागल्या, पण त्यांच्याकडे कुणी फिरकेना. मेंटल हॉस्पिटल गावातच असलेल्या रत्नागिरीकराला असली थट्टा शिकवावी लागत नाही. "रिक्षा बोलावू काय रे?" एवढं कुणी म्हटलं तरी पुरे. मुंबईच्या ऑफिसला आकडे हवे होते. तेव्हा एचआरच्या नम्रता मॅडमनी फर्मान काढलं, काही झालेलं असो वा नसो, प्रत्येकाने नंबराने आत जायचं.

सगळ्यात मोठ्याने कुरकुरला तो सुजय. मनातून मात्र त्याला हायसं वाटलं. मागे एकदा कोल्ड स्टोरेजचं दार बाहेरून लागलं आणि तो आत अडकला, तेव्हापासून त्या दाराशी गेलं की त्याची छाती धडधडे आणि तो लघवीचं निमित्त करून सटके. पोराची किडनी गेली, असं सगळे म्हणत. त्याचं त्याला काही नव्हतं. पण डोक्याचं कळलं तर जमलेलं लग्न मोडायचं, कारण होणाऱ्या बायकोचा, वेदिकाचा, मामा दादू तिथेच पॅकिंगला होता.

म्हणून स्वतःच्या नंबराला सुजय "सगळं झकास" म्हणून बाहेर आला. मग मासे कापणारा ओमकार चिकटला. "मेल्या, माझ्या जागी तू जा. ती बाई बायकोचं काय काय विचारील."

सुजय उपकार केल्यासारखा गेला. कामावरच्या टोपी-मास्कात बाईंना सगळे सारखेच. उसन्या नावाने त्याचं तोंड सुटलं. तो सगळं बोलला, रडलाही. बाईंनी पुन्हा बोलावलं.

दोन दिवसांनी फळ्यावर कागद लागला. वर ठळक अक्षरांत 'गोपनीय', खाली 'ओमकार यांनी पुढील उपचारासाठी बाईंना भेटावे.' मॅडमनी शिक्काही मारला होता.

दुपारी जेवताना ओमकारशेजारी कुणी बसेना. "ह्याच्या हातात सुरी देव नका रे," कुणीतरी म्हणालं. ओमकार आधी हसला, मग हसेना. सुजयचं नाव तो सहज घेऊ शकला असता. त्याने एकदा सुजयकडे बघितलं आणि मान खाली घालून जेवू लागला. सुजयला अशी लाज वाटली की त्याने हातातला घास परत डब्यात ठेवला.

तो उठला. "ओमकारच्या नावानं मी गेलतो. दाराचं भ्या मला वाटतं. किडनी बरी हाय."

दादूमामाने डबा बंद केला, हात धुतले आणि सुजयला खांद्याला धरून बाहेर नेलं. लग्न मोडलंच, असं धरून सुजय मुकाट चालला. नळाशी थांबून मामाने इकडेतिकडे बघितलं.

"मंगळवारी जाशील ना, तेव्हा माझं पण सांग तिला," तो हळूच म्हणाला. "तुझी मामी गेल्यापासनं मला घरात जावंसं वाटत नाय. पडवीतच झोपतो. पण माझं नाव नको घेव."

"मामा, तुमीच जावा की."

"मी कसा जाव?" मामा म्हणाला. "मी पडलो मुलीकडचा."