शारदा मॅडमचं नाक

शारदा मॅडमचं नाक साऱ्या शाळेत मशहूर होतं. उकळत्या परीक्षानळीवर नाक नेऊन त्या एका दमात आतला क्षार ओळखत आणि मुलींना म्हणत, "पुस्तक खोटं बोलेल, नाक नाही." आता वर्षानुवर्षं आम्लांच्या वाफा ओढल्यावर बिचारं नाक तरी काय करणार? त्यानं राजीनामा दिला. पावसाळ्यापासून मॅडमना कशाचाच वास येईना, ना उदबत्तीचा, ना रॉकेलचा.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार कशा? नवऱ्याची, गजाननरावांची मिल बंद पडली होती आणि जुन्या इंदुरातलं ते घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. नाक गेलेल्या बाईला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कोण उभं करील?

गजाननराव मिलमध्ये फिटर. आधी त्यांनी पोलोग्राउंडचे सगळे कारखाने पालथे घातले, सगळीकडे "देखते हैं" ऐकलं आणि शेवटी स्वयंपाकघर हातात घेतलं. गल्लीतला जो तो त्यांना आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात सांगे, "मिल चालू होईल भिया, टेन्शन मत लो." स्वयंपाक त्यांचा यथातथाच होता. पण शारदाबाई दारातूनच म्हणत, "काय खमंग वास सुटलाय हो!" त्यावर एवढा मोठा माणूस चक्क लाजायचा.

जानेवारीत बारावीची प्रॅक्टिकलं सुरू झाली. वाऱ्यानं स्पिरिटच्या दिव्यांची ज्योत हलते म्हणून लॅबच्या खिडक्या नेहमीसारख्या बंद होत्या. निधी नावाच्या मुलीनं हिशेबाबाहेर आम्ल ओतून नळी तापवली आणि क्लोरीन भसाभसा सुटला. मॅडम फळ्यावर समीकरण लिहीत होत्या. वास आला असता तर त्या तिथूनच ओरडल्या असत्या. घसा खवखवायला लागला तेव्हा त्या वळल्या, तोवर निधी खाली बसली होती.

"मॅडम, साँस नहीं आ रही..."

पोर वाचली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी डॉक्टरांनी धोका टळला म्हणून सांगितलं. पण शारदाबाई घरी आल्या त्या चप्पल न काढताच खाटेवर बसल्या आणि रडत रडत सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

गजाननराव दचकले नाहीत.

"मी तर दिवाळीतच समजून गेलो होतो," ते म्हणाले. "वरणात हिंग टाकायला भूललो आणि तू म्हणालीस, हिंगाचा काय वास येतोय. मग जानबूझकर चार दिवस टाकलाच नाही. तू रोज तारीफ केलीस."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी मान खाली घातली. "मिल बंद झाल्यापासून दिवसातून एकदा मला कोणी तरी छान म्हणत होतं, शारदा. झूठ का असेना. ते सोडवेना. चुकलंच माझं. त्या पोरीला काही झालं असतं तर? उद्या जाऊन खरं सांग. नोकरी जाते तर जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी शारदाबाईंनी प्रिन्सिपल आनंदीबाईंना सांगितलं. नंतर लॅबच्या खिडक्या स्वतः उघडल्या आणि मुलींसमोर उभ्या राहिल्या. "माझं नाक गेलंय. नळीला नाक लावून लावून गेलं, आणि तेच मी तुम्हाला शिकवत आले. आजपासून कुणी तोंड जवळ न्यायचं नाही. ज्योत हलली तर हलू दे."

आनंदीबाईंनी लॅब काढून घेऊन खालचे वर्ग दिले आणि पुढच्या वर्षाचं बघू म्हणाल्या. या 'बघू'चा अर्थ त्या घराला चांगला ठाऊक होता.

रात्री गजाननरावांनी पान वाढलं आणि सवयीनं समोर उभे राहिले. शारदाबाईंनी वरणभाताचा घास घेतला. वास गेला होता, पण जीभ शाबूत होती. 'छान' ओठांवर आलं होतं, ते त्यांनी घासाबरोबर गिळलं.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "आणि भाताचा गिचका झालाय."

गजाननराव बघतच राहिले. कित्येक महिन्यांत त्यांच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. मग ते खदखदून हसले आणि आपलं ताट घेऊन बायकोशेजारी बसले.

"काल पण जास्त होतं?"

"काल पण. परवा तर तोंडात धरवत नव्हतं."

"मग इतके दिवस खाल्लंस कसं गं?"

"तुम्ही वाढत होतात ना," शारदाबाई म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.