टावरचं मोहोळ

"आज नोका चढू वर. माहं ऐका."

नलूनं भाकर फडक्यात बांधली अन् गाठ मारता मारता पुन्हा तेच म्हटलं. सकाळपासून तिचं हे एकच पालुपद चाललं होतं. गोपाल दारात बसून बुटाच्या दोऱ्या आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"काऊन? दोन वर्सांपासून चढूनच राह्यलो ना मी? यवतमाळात चढलो, धामनगावात चढलो, तवा काई बोलली नाई तू."

"तवा मले दिसत नव्हतं."

"अन् आता गावच्या टावरवर चढतो म्हून भेव वाटते? भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

"ब्रह्मराक्षस नाई, आग्यामोहोळ हाय थे! काल कापूस येचताना म्या सोता पाह्यलं. वरच्या मचानीखाली लोंबून राह्यलं. सुपाएवढं."

ओसरीवर बिडी ओढत बसलेले लक्ष्मणराव, म्हणजे गोपालचे वडील, खाकरले. "सुनबाई खोटं नाई बोलत, गोपाल. तूर फुलावर आली का थ्या माश्या येतातच. आधी धूर दे, मंग चढ."

"सांगतलं बाबा ठेकेदाराले, योगेंद्रभाऊले. पाहून घेतो म्हने थो."

गोपाल उठला, कमरेच्या पट्ट्याचं वजनदार लोखंडी हुक खांद्यावर टाकलं अन् निघाला. नलूचा जीव त्या हुकाकडे पाहूनच अर्धा झाला.

तिच्या भेवाला कारण होतं. माहेरी ती परकरी पोर असताना नदीकाठच्या उंबरावरचं असंच आग्यामोहोळ उठलं होतं. खाली एका गाडीवानाची गाडी होती. गाडीवान पळाला, नदीत बुडी मारून बसला, वाचला. पण बैल जुंपलेले होते. दुसऱ्या दिवशी सगळा गाव ते बैल पाहायला गेला होता. नलूही गेली होती, अन् त्या दिवसापासून माशी गुणगुणली तरी तिच्या अंगावर काटा यायचा. गोपाल उंचावर गेला की पट्ट्यानं लोखंडाला बांधून घेतो, हे तिनं ऐकलं तेव्हा तिला आधी तेच बैल आठवले होते.

दोन हजार सोळा सालचा कार्तिक होता. देवळीवरून पुलगावकडे जाताना रस्त्याच्या कडेला भिवखेडा लागतं. गावाच्या उगवतीला प्रभाकररावाच्या वावरात टावर उभा होता, अन् बांधाला बांध, म्हणजे धुऱ्याला धुरा लागून लक्ष्मणरावांचं वावर. टावर येऊन तीनेक वर्सं झाली होती. बोलणं व्हायचं, पण इंटरनेटच्या नावानं बोंब. पोट्ट्यांनी बारावीचा निकाल पाहायला घेतला की फोनवर गोल चकरी फिरत राहायची. माणूस चहा पिऊन यायचा तरी चकरी फिरतच. आता कंपनीनं ठरवलं होतं, जुने अँटिने काढायचे, नवे लावायचे, खालच्या खोलीतल्या मशिनी बदलायच्या. मग म्हणे फोटो काय अन् पिच्चर काय, बोट लावलं की हजर.

हे काम देवळीच्या योगेंद्रनं घेतलं होतं. ताराचंद शेठचा पोरगा. बापाचं कापडाचं दुकान सोडून या धंद्यात पडला होता. त्याच्या हाताखाली गोपाल वर चढणारा अन् नत्थू खालून दोर ओढणारा.

गोपाल टावरखाली पोचला तेव्हा योगेंद्र जीपला टेकून घड्याळ पाहत होता.

"टावर सकाळीच बंद केला, गोपाल. आठ गावचे फोन मुके पडून हायेत. संध्याकाळी नागपूरचे साहेब तिथूनच स्पीड मोजतीन. चल, लाग."

"योगेंद्रभाऊ, थे मोहोळ…"

"अरे, त्यायले आपलं काय घेनंदेनं? तू त्यायच्या वरून जा. धूर केला तं नव्या केबल काळ्या पडतीन, मंग मी काय सांगू?"

शेजारच्या वावरात नलूनं कापूस येचायला कमरेला फडक्याची ओटी बांधली अन् कापसाच्या ओळीला लागली. धुऱ्याच्या पार त्या टोकाला लक्ष्मणराव बैलासाठी हिरवं गवत कापत होते. ऊन कोवळं होतं, काळी माती अजून दवानं ओली होती, बोंडं टचटचीत फुटली होती. पण नलूचे हात बोंडावर अन् डोळे वर. गोपाल एकेक पायरी चढत चालला होता. आधी माणसाएवढा, मग पोराएवढा, मग नुसता मुंगळा. मोहोळाच्या बाजूनं तो अंग चोरून वर सरकला तेव्हा तिनं श्वास रोखून धरला. काही झालं नाही. तो मचानीवर पोचला, हुक अडकवलं, खाली हात हलवला. तिला वाटलं, आपणच येड्या.

जुना अँटिना उतरला. नवा दोराला बांधला. दाराच्या फळीएवढा पांढरा अँटिना झुलत झुलत वर चालला. नत्थू दोर ओढत होता, योगेंद्र "हळू, हळू" करत होता. तेवढ्यात तळ्याकडून वाऱ्याचा एक झोत आला. अँटिना भवऱ्यासारखा फिरला अन् त्याचा कोपरा मोहोळात घुसला.

पहिल्यांदा नुसता एक काळा लचका खाली पडताना दिसला. मग आवाज आला. शंभर जाती एकदम फिरावीत तसा. टावरचं वरचं अंग काळं झालं.

"माश्या! पया रे!" नत्थूनं दोर सोडला अन् तो कपाशीतून, काट्यांतून, वाट दिसेल तिकडे पळाला. अँटिना आदळत, खणखणत खाली आला. योगेंद्रनं जीपमध्ये उडी मारली अन् काचा वर घेतल्या.

नलू ओळीत पालथी पडली. ओटीतला कापूस सांडला, ते फडकं तिनं डोक्यावर ओढलं. डोक्यावरून माश्या सूं सूं जात होत्या. एक मानेला डसली, एक पोटरीला. निखारा ठेवावा तशी आग झाली. वरून गोपालची किंकाळी आली.

"आई वो! मेलो वो बाबा!"

ती उठली नाही. उठवलंच नाही तिच्यानं. पाय जणू दुसऱ्याचे होते. मातीत तोंड खुपसून ती नुसती थरथरत राहिली. जुंपलेले बैल डोळ्यांपुढे येत होते. किती वेळ गेला कोणास ठाऊक. तिला वाटलं, दिवस मावळला असेल.

मग किंकाळी थांबली.

नलूनं फडक्यातून पाहिलं. गोपाल पट्ट्यावर लोंबत होता, हात हवेत मारत होता, पण तोंडातून आवाज निघत नव्हता.

ती कशी उठली ते तिला सांगता आलं नसतं. टावरच्या तारेच्या कुंपणाला गेल्या साली रचलेल्या तुरीच्या वाळल्या काड्यांचा, तुराट्यांचा ढीग होता. ती तिकडे धावली. तुराट्या ओढून टावरच्या पायाशी टाकू लागली. माश्या हाताला, कानाला, पापणीला डसत होत्या. काडीपेटी कुठून आणायची हे तिला सुचलंच नव्हतं! पण लक्ष्मणराव धुऱ्यावरून धोतर सावरत येत होते, काखेत गवताचा भारा अन् बिडीची काडीपेटी मुठीत.

"पेटव पोरी! गवत वरून टाक. आग नोको करू, धूर कर!"

तुराट्यांनी पेट घेतला. वर हिरवं गवत पडलं तसा पांढरा, दाट धूर उठला अन् टावरच्या पोटातून वर चढू लागला. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांचा कर्णा केला.

"गोपाल! हात हालवू नोको! डोये झाक! हुक सोड अन् खाली ये! धुरातून ये!"

गोपालला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. धुरानं तो दिसेनासा झाला. नलू वर पाहत उभी होती. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पापणी मिटायची तिची छाती होत नव्हती. वरून काय येईल? पायऱ्या उतरणारा माणूस, की नुसतंच धाडकन काही?

धुरातून आधी एक बूट दिसला. तो पायरी चाचपत होता.

गोपाल शेवटच्या पायऱ्यांवरून घसरलाच. बापानं अन् बायकोनं त्याला झेललं. तोंड ओळखू येत नव्हतं, ओठ फुगले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दोघांनी त्याला ओढत जीपजवळ नेलं. नलूनं काचेवर थापा मारल्या.

"दार उघडा! योगेंद्रभाऊ, दार उघडा!"

आत योगेंद्र डोळे फाडून पाहत होता. काचेवर माश्या रांगत होत्या. त्यानं मान हलवली. नाही.

नलूनं धुऱ्यावरचा दगड उचलला. तो तिनं डोक्याच्या वर धरला. तो तसाच धरून ती काचेसमोर उभी राहिली. योगेंद्रनं दार उघडलं.

"मी फोनच लावून राह्यलो होतो वहिनी," गाडी चालू करता करता तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "दवाखान्याच्या गाडीले. केव्हाचा लावून राह्यलो. लागतच नाई!"

"लागन कसा लेका?" लक्ष्मणराव मागून म्हणाले. "टावर तं तूच बंद केला ना!"

देवळीच्या दवाखान्यात डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, नर्सनं अंगातले काटे एकेक ओढून काढले. "जरा उशीर झाला असता तं घशातली सूज जिवावर बेतली असती," डॉक्टर म्हणाले. नलू भिंतीला टेकून खाली बसली अन् मग तिला स्वतःच्या अंगाची आग कळली.

गोपाल घरी आला तरी टावर बंदच होता. आदळलेल्या अँटिन्याच्या जागी दुसरा आला, पण वर चढणारा माणूस नव्हता, म्हणून काम अडलं होतं. फोन मुके असल्यानं गाव कावलं होतं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण विहिरीवर बाया पुटपुटत होत्या, 'एका माणसापायी किती दिस?'

मग एका सकाळी योगेंद्र छिंदवाड्याकडचा नवा माणूस घेऊन आला. तो टावरखाली पट्टा बांधत होता. वर मोहोळ पुन्हा जमलं होतं. नलू धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. गावाची वीसेक माणसं जमली होती. इतक्या लोकांत ती कधी बोलली नव्हती. पण तो माणूस पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तशी ती पुढे झाली.

"भैया, उपर मधमाशी है. आग्या. मेरा आदमी मरते मरते बचा."

त्या माणसानं वर पाहिलं, मग योगेंद्रकडे पाहिलं. "हमको तो किसी ने बताया नहीं।" अन् त्यानं पट्टा सोडून खाली ठेवला.

"वहिनी, तुम्ही साऱ्या गावाचं काम अडवून राह्यल्या!" योगेंद्र भडकला.

"म्या नाई अडवलं. म्या सांगतलं. तुम्ही सांगाले पायजे होतं."

एवढं बोलून ती मागे फिरली अन् धुऱ्याआड गेल्यावर मटकन खाली बसली. पण गावातल्या कोणालाही आता त्या माणसाला 'चढ' म्हणायची सोय राहिली नव्हती. त्याच सांजेला मोहोळ काढणारे आले, त्यांनी धूर करून माश्या उठवल्या अन् पोळं उतरवलं. दुसऱ्या दिवशी काम झालं, टावर चालू झाला.

गोपालला पाहायला लोक येत. तो सुजल्या ओठांनी प्रत्येकाला सांगे, "बायकोनं वाचवलं मले." नलू प्रत्येक वेळी उठून चुलीकडे जाई. कसं सांगावं याला, की तू वर ओरडत होता तेव्हा मी मातीत तोंड खुपसून पडली होती? रात्र रात्र तिला ती ओळ दिसायची. संपतच नसे.

आठवड्यानं ती तेल आणायला चंद्रभानच्या दुकानात गेली. गल्ल्यापाशी चारपाच जण एका फोनवर वाकले होते, हसत होते. तिला पाहून गप्प झाले.

"काय हाय?" नलूनं विचारलं.

"काई नाई वहिनी." चंद्रभान ओशाळला. "नवा अँटिना चढताना म्या इथूनच शूटिंग घेतली होती. त्यातच थे सारं आलं. आता नेट असं पयते, का नागपूरच्या साळ्याले धाडलं तं लगेच पोचलं. त्यानं पुढं धाडलं, आता जो थो पाह्यते."

"दाखवा."

त्यानं नाइलाजानं फोन पुढे धरला. बोटाएवढा टावर. वर काळं वादळ. एक ठिपका पळाला, तो नत्थू. मग पांढऱ्या कपाशीत एक ठिपका पडला. पडला अन् उठला. उठून टावरकडे धावत सुटला. नत्थूचा ठिपका टावरपासून दूर पळत होता, अन् हा उलटा टावरकडे चालला होता.

"हे कोन हाय?"

"तुम्हीच ना वहिनी."

"पुन्हा लावा."

चकरी फिरली नाही, काही नाही. बोट लावल्याबरोबर चित्र चालू झालं. नलूनं डोळे बारीक करून ती पडली होती तेवढाच भाग पाहिला. पडली. उठली. मधे एखादा दम टाकावा इतकंच.

"पाह्यली का वहिनी, काय स्पीड हाय!"

"हाव. अन् तुम्ही कुठी होते तवा?"

"मी? मी इथीच…" चंद्रभानची नजर फोनवरून उठेना.

नलू तेल घेऊन घरी आली. गोपाल बाजेवर बसला होता, एक डोळा आता उघडत होता. ती त्याच्या पायथ्याशी टेकली अन् तिला एकदम हुंदका आला.

"काय झालं वं?"

"अवो," ती म्हणाली, "मी लवकर उठली होती."

"कवा?" गोपालला काही समजलं नाही.