पुष्पक मधून येतो

गावंडे सरांनी पुष्पकला सुरुवातीच्या पिचरचा मधला पिचर केला, त्या दिवसापासून त्याला कुठल्याच गोष्टीची सुरुवात मिळेनाशी झाली.

अकोटात बेसबॉल खेळतात हे अकोटातही फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. चेंडू फेकतो तो पिचर. एक जण सामना सुरू करतो, आणि त्याचा खांदा कुरकुरायला लागला की उरलेला सामना दुसऱ्याच्या हाती देतात. पुष्पकचं वय तेवीस, खांदा नाजूक. "तुह्या हातात जोर हाय, पण थोडा वेळच टिकते," सर म्हणाले. "आता तू मधातून यायचं." यात अपमान काही नव्हता. म्हणजे सर तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याला जाग आली ती न्हाणीघरात, अंगाला साबण लागलेला. चहा हाती आला तो अर्धा कप, काठाला कुणाच्या तरी ओठांची ऊब. भाकरीचा पापुद्रा आधीच कुणी खाल्लेला. आईला यात नवल वाटलं नाही. अर्धी आंघोळ आयती होते हे काय वाईट, तुझ्या बापाला अशी सोय असती तर तोही रोज न्हाला असता, असं ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

इथवर चाललं असतं. पण अकोल्याच्या तेजलशी त्याचं लग्न ठरलं होतं, आणि फोन कानाला लावला की ती आधीच हसत असायची. तिचा 'हॅलो' त्याने एकदाही ऐकला नव्हता.

"सुरुवातीला किती मोकळं बोलत होता तुम्ही," ती एकदा म्हणाली. "आता का गप्प झालात?"

सुरुवातीला कोण बोललं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

मग तो सरांकडे गेला. सर उत्तराच्या मध्यावर होते. जिंकल्यावर फोटो तुझाच निघतो, मग तक्रार कशाची, असं काहीसं चाललं होतं. पुष्पकने विनवलं, सामने राहू द्या, फक्त लग्नाच्या दिवसापुरतं मला पहिल्यापासून उभं राहू द्या. सरांनी शर्टाच्या टोकाने शिट्टी पुसली.

"सुरुवातीले दुसरा लावला हाय बाप्पा," ते म्हणाले. "चांगला पोरगा हाय."

पुष्पकने मनाशी ठरवलं, यावेळी आधीच जाऊन उभं राहायचं. मंगल कार्यालयाचं कुलूप निघालं तेव्हा तो दारात होता. खुर्च्याही मांडल्या नव्हत्या. तो सरळ बोहल्यावर चढला, पाटावर उभा राहिला आणि पापणी लवू द्यायची नाही म्हणून डोळे ताणून धरले. डोळ्यांना पाणी आलं. ते पुसून पाहतो, तर तो स्वतःच मागच्या दाराशी, पाण्याच्या पिंपांशेजारच्या बाकावर बसलेला, अंगात शेरवानी. आत चौथं मंगलाष्टक संपत आलं होतं.

"चल, बोलावलंय तुला," मामा येऊन म्हणाला.

हॉल भरला होता. पाटावर तशाच शेरवानीतला एक तरुण घामाघूम उभा होता. पुष्पक येताच त्याने आपल्या कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या, पुष्पकला बांधल्या आणि हार त्याच्या हातात दिला.

"छान चाललंय," तो हळूच म्हणाला. "आता सांभाळून घ्या."

तो उतरून निघाला तशी पुढच्या रांगेतली मंडळी उभी राहिली आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. पुष्पकच्या आईनेही वाजवल्या. भटजींनी सूर न सोडता पाचवं सुरू केलं.

अंतरपाटापलीकडून तेजलचा आवाज आला.

"गेले का ते?"

"हो," पुष्पक म्हणाला.

अक्षता पडत होत्या. अंतरपाटाखालून तिची मेंदीभरली पावलं दिसत होती, सरळ त्याच्याकडे रोखलेली. मग उजवं पाऊल दाराच्या दिशेला जरासं वळलं, आणि त्याच्यामागून, सावकाश, डावं.